यंदा दिवाळी नव्हती, म्हणून ट्रॉम्सो

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. फेब्रुवारीत निनाद गेला. निनाद म्हणजे माझा नवरा. स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदान झाल्यापासून पाच महिनेही मिळाले नाहीत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, तळण नाही, कंदील नाही, रांगोळी नाही. पुण्यात हे पाळणं सोपं असतं, कारण अख्ख्या सोसायटीला ठाऊक असतं. सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या अकराव्या मजल्यावर ते एकेकाला समजावत बसावं लागतं. सप्टेंबरातच शेजारच्या मिसेस टॅननी लिफ्टपाशी विचारलं, "धिस इयर मुरुक्कू हॅव ऑर नॉट?" आमच्या चकलीला त्या मुरुक्कू म्हणतात आणि दरवर्षी डबाभर नेतात. निनाद गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण त्यापायी दिवाळीही जाते हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सेम सेम लाह. माय हजबंड पास अवे, दॅट इयर आय ऑल्सो नो न्यू इयर. डोर क्लोज, नोबडी कम."

दार बंद करून घ्यायचा उपाय मला पटला होता, पण इथे दिवाळी दाराबाहेर ठेवता येत नाही. लिटल इंडियात कमानी लागतात. रॅफल्स प्लेसला आमच्या बँकेत दिवाळीचा लंच असतो आणि सगळे मला विचारून विचारून कुर्ते घालतात. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. यंदा मंडळातल्या सगळ्यांनी फार समजूतदारपणा दाखवला. कोणी फोन केला नाही, कोणी घरी आलं नाही, माझं नाव घेऊन कोणी काही लिहिलं नाही. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. त्याचा मला संताप यायचा.

घरात आम्ही दोघी. मी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई; पहिल्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणते आणि अहो-जाहो करते. वय एकाहत्तर. पुण्यात मुलींच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निनादच्या आजारपणात इथे आल्या आणि तो गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वर्षश्राद्ध होईपर्यंत मी मीनलजवळ थांबते. मग बघू." हे 'मग बघू' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. कोथरूडला त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, मैत्रिणी आहेत, इथे त्यांचं काय आहे? पण त्या गेल्या की या घरात निनादला ओळखणारं माझ्याशिवाय कोणी उरणार नव्हतं. थांबा असं मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि त्या नाही म्हणाल्या तर, या भीतीने.

आता उत्तर नॉर्वेतलं हे ट्रॉम्सो कुठून आलं ते सांगते. निनादला उत्तर ध्रुवीय प्रकाशाचं, ऑरोराचं, वेड होतं. विषुववृत्ताला जवळजवळ टेकून राहणाऱ्या या माणसाच्या फोनवर ऑरोराची सूचना देणारं अ‍ॅप होतं. सूर्यावर काही उसळलं की ते टणटणायचं, आणि हा जेवताजेवता जाहीर करायचा, "आज नॉर्वेत मजा आहे बरं का." मी म्हणायची, "तू आधी ताटातलं संपव." जायचं जायचं म्हणताना राहूनच गेलं. तो गेल्यावर आई रोज त्याचा फोन चार्ज करायच्या. मिक्सरशेजारी ठेवलेला असायचा. का करताय, असं मी विचारलं नाही.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही दोघी फरसबी चिरत होतो आणि तो फोन टणटणला. दोघींचे हात थांबले. आईंनी चष्मा लावला, वाचलं. "जोरदार आहे म्हणे," असं म्हणून पुन्हा सुरी घेतली. सगळी फरसबी चिरून झाल्यावर म्हणाल्या, "मीनल, दिवाळीत तिकडेच जाऊ या. इथे नकोच." मी लगेच हो म्हटलं. तिथे, त्या आकाशाखाली, मी त्यांना थांबायला सांगणार होते. अशा ठिकाणी नाही म्हणणं माणसाला जड जातं, असा माझा हिशोब.

जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, जी आईंनी पंचांग न उघडता सांगितली. दिवाळी अमावस्येच्या आसपास असते, म्हणजे चंद्राचा त्रास नाही, आकाश काळंकुट्ट. ऑक्टोबरात तिकडे रात्र पुरेशी मोठी झालेली असते आणि थंडी अजून हाडात शिरलेली नसते. कोजागिरीला मात्र जाऊ नका. दूध छान लागेल, पण फिकट प्रकाश चांदण्यात धुऊन निघेल.

शेंगेन व्हिसाची तारीख लवकर घ्या, शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की मिळत नाही. गरम कपडे सिंगापूरच्या मॉलमध्येही मिळतात, वर्षभर. आईंनी दुकानातून आणलेले हातमोजे घालून हात फ्रीझरमध्ये घातला आणि घड्याळ लावून उभ्या राहिल्या. "हे नाही चालणार," असा निकाल दिला. आम्ही दुसरे घेतले. सामानात भाजणी, मेतकूट, तुपाची छोटी बाटली आणि पोहे. विमान युरोपात एकदा बदललं, ओस्लोला दुसऱ्यांदा. घरातून निघाल्यापासून ट्रॉम्सोच्या खोलीत बॅगा टेकवेपर्यंत अख्खा दिवस आणि वर थोडा वेळ जातो. आई विमानात झोपल्या नाहीत. मी झोपल्याचं सोंग केलं.

ट्रॉम्सो बेटावर वसलेलं आहे. एक लांबलचक पूल, पलीकडे त्रिकोणी काचेचं चर्च, सगळीकडे पाणी आणि पाण्यामागे डोंगर. फोटोत फार सुंदर दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं आणि ते दोन दिवस पडत राहिलं. ढग एवढे खाली, की डोंगर आहेत हे नकाशावरून समजून घ्यायचं. विमानतळावरून शहरात यायला बस आहे, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. बाहेर दोघींनी सूप आणि पाव घेतला, तेवढ्यात आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाऊगल्लीत, तीन-चार दिवस निघाले असते. शाकाहारी माणसाला पाव, बटाटे आणि तिथलं तपकिरी चीज. ते चीज गोडसर असतं, खवा जरा जास्त परतला गेला की लागतो तसं. आईंना आवडलं. मी दुसरा तुकडा घेतला नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही शहाण्या मुलींसारख्या वागलो. संग्रहालय पाहिलं, पूल चालून आलो, दुपारी थालीपीठ लावलं. मी आईंना गुडघा दुखतोय का विचारत होते, त्या मला झोप लागली का विचारत होत्या. निनादचं नाव कोणीच काढत नव्हतं. खरं म्हणजे घरीही हेच चालायचं. फेब्रुवारीपासून मी आईंसमोर रडले नव्हते, कारण त्यांचा मुलगा गेला होता आणि माझं रडणं त्यांनी का उचलायचं? त्याही माझ्यासमोर कधी रडल्या नाहीत. मला वाटायचं, शिक्षिका आहेत, शिस्तीच्या आहेत. मी ऑफिसमधून आले की घर आवरलेलं, कुकर झालेला आणि आई सोफ्यावर ताठ बसलेल्या. मग मीही ताठ बसायची.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. ढग तसेच. तिथे ऑरोरा दाखवणाऱ्या मिनीबस असतात. चालक-वाटाड्या हवामानाचे नकाशे बघून ठरवतो, आज कुठे आकाश मोकळं मिळेल, आणि लागलं तर थेट फिनलंडपर्यंत नेतो. किनाऱ्यावर ढग असले तरी डोंगरांच्या पलीकडे आकाश कोरडं असू शकतं. मोठ्या बसपेक्षा ही महाग पडते, पण कंजूषी करायची तर दुसरीकडे करा. पासपोर्ट जवळ ठेवा, सरहद्द ओलांडावी लागते. जाड सूट आणि बूट तेच देतात.

आम्ही दुपारी चारला मिनीबसमध्ये चढलो आणि आतून आवाज आला, "अगं, खिडकी लाव, वारा येतोय!"

पूर्ण बस मराठी. नाशिकचं एक कुटुंब, त्यांचे व्याही, आणि पुढच्या सीटवर स्वेटरवर स्वेटर चढवलेल्या सुलभाकाकू, या सगळ्यांच्या म्होरक्या. दिवाळी टाळायला मी पृथ्वीच्या टोकाला आले होते आणि दिवाळी माझ्या आधी येऊन बसमध्ये जागा धरून बसली होती. काकूंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आई मात्र शांतपणे त्यांच्या मागच्या सीटवर बसल्या आणि आम्ही सिंगापूरहून आल्याचं त्यांना सांगितलं.

बस चालवणारी मारित नावाची पन्नाशीची बाई होती, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. तासाभरात उजेड गेला. ती इंग्रजीत सांगत होती, "आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची, हे दिवे म्हणजे गेलेली माणसं. माझी आजी आम्हाला त्यांच्याकडे बघून शिट्टी वाजवू द्यायची नाही. म्हणायची, खाली येऊन घेऊन जातील." नाशिककर हसले. मला हसू आलं नाही. मी खिडकीला डोकं लावून तेच वाक्य चघळत राहिले.

"आणि खरं काय असतं?" काकूंच्या सुनेने विचारलं. मारित सांगणार तोच आई मराठीत सुरू झाल्या. त्यांचा वर्गातला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सूर्यावरून विद्युतभारित कण सतत बाहेर फेकले जातात. त्याला सौर वारा म्हणतात. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आहे, ते त्याला अडवतं. पण या वाऱ्याने ते क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणलं जातं. फार ताणलं की तुटतं आणि पुन्हा जोडलं जातं, आणि त्या झटक्यात इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे भिरकावले जातात. ते चुंबकीय रेषा धरून येतात. रेषा ध्रुवांजवळ खाली उतरतात, म्हणून तिथेच ते हवेवर आदळतात. हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन त्या माराने उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडून देतो."

"मग तुमच्या सिंगापूरला का नाही दिसत?" काकूंनी विचारलं.

"तिथे त्या रेषा जमिनीला समांतर जातात. कण वरच्यावर निघून जातात. खाली येत नाहीत."

"भारीच की हो तुम्ही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. "घ्या. आज लक्ष्मीपूजन आहे."

"आमच्याकडे यंदा नाहीये," आई म्हणाल्या.

काकूंचा हात तसाच राहिला. "कोण?"

"मुलगा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ही सून?"

"हो."

आता नेहमीचं होईल असं मला वाटलं. डबा बंद होईल, सॉरी सॉरी होईल आणि पुढचा रस्ता सगळे दबक्या आवाजात बोलतील. पण काकू बाहेरगावच्या लग्नात मांडव नीट लागलाय का बघणाऱ्या बाईसारख्या उठल्या, चालत्या बसमध्ये, आणि आईंच्या शेजारी येऊन बसल्या. "आपण तळायचं नसतं. दुसऱ्याच्या घरचं चालतं. पहिल्या सणाला कोणीतरी येऊन तोंड गोड करायचं असतं. तुमच्याकडे कोणी आलं नाही?"

"तिथे कोण येणार?"

"म्हणजे दुखवटा काढलाच नाही कोणी." काकूंनी लाडूचा तुकडा मोडला आणि आईंच्या तोंडाशी धरला. "घ्या. मी काढते."

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी: दुखवटा काढणं म्हणजे नातेवाइकांनी येऊन घरच्यांना गोड खायला घालणं. शोकाचं घर पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागलं, अशी ती खूण. आई नको म्हणतील असं मला शंभर टक्के वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि लाडू खाल्ला. चावला, गिळला. मग काकू माझ्याकडे वळल्या.

"मला नको," मी म्हणाले. फार तुसडेपणाने म्हणाले.

"नको तर नको. डब्यात आहे, वाटेल तेव्हा घे," काकू म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांना राग आला नाही, यानेही मला राग आला. ओळखपाळख नसलेल्या बाईने निनादचा दुखवटा काढायचा, तोही बसमध्ये, आणि आईंनी काढू द्यायचा! मला वर्ष हवं होतं. वर्षभर दुखवटा, आणि दुखवटा आहे तोवर आई. तो संपला की त्यांना इथे धरून ठेवणारं काय उरत होतं? मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि सरहद्द कधी गेली मला कळलंही नाही.

फिनलंडमध्ये शिरल्यावर ढग खरंच मागे पडले. मारितने एका गोठलेल्या तळ्याच्या कडेला बस थांबवली. तळ्यावर नुकती पातळ साय धरली होती, त्यामुळे काठावरून पुढे जायची मनाई. तिने लाकडं पेटवली, सगळ्यांना वाट्यांतून सूप दिलं. थंडी उणे दहाच्या खाली असावी. फोन सूटच्या आतल्या खिशात ठेवा, नाहीतर बॅटरी बघता बघता मरते.

सुरुवातीला काय दिसतं हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. हिरवं काही दिसत नाही. डोंगरावर एक राखाडी पट्टा दिसतो, चुकार ढगासारखा. काकूंच्या मुलाने फोन धरला तर फोनमध्ये तो हिरवागार. डोळ्यांना अंधारात रंग कमी कळतो, कॅमेरा प्रकाश साठवत राहतो. बरेच जण एवढंच बघून परत जातात आणि फसवणूक झाल्यासारखे वागतात. आमच्या बसमधल्याही दोघांनी "एवढंच?" म्हणून घेतलं. पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही.

मग तो पट्टा उजव्या टोकाने पेटला. आता डोळ्यांनाही हिरवा. डोक्यावरून पडदा ओढावा तसा तो पुढे सरकला, त्याला चुण्या पडल्या, चुण्या पळायला लागल्या. खालच्या काठाला गुलाबी रेघ. आवाज काहीही नाही. इतकं मोठं काही हलताना आवाज होत नाही याची मला भीती वाटली. नाशिककर ओरडत होते, कोणी टाळ्या वाजवत होतं. आणि डोक्याच्या थेट वर, हिरव्याच्याही खूप वर, एक लालसर डाग उमटला. तो हलत नव्हता. बाकी सगळं धावत होतं आणि तो एकटा थांबून आमच्याकडे बघत होता.

मला माहीत आहे हे कसं वाटेल ते. मी बँकेत काम करते, शकुन-अपशकुन मानत नाही, कुंडली न बघता लग्न केलं. पण मी आईंचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "आई, निनाद."

आईंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो ऑक्सिजन आहे, मीनल."

त्या क्षणी मला त्यांचा इतका तिरस्कार वाटला, की मी हात सोडून दिला. एक क्षण. एक क्षण माझ्यासाठी खोटं बोलता आलं नसतं? मी शेकोटीपासून लांब, बसच्या मागे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने बुटांखाली बर्फ कुरकुरलं आणि आई शेजारी आल्या.

"तो तिथे असता," त्या म्हणाल्या, "तर मी इथून हलले असते का? इथेच तंबू ठोकला असता."

मी बुटाने बर्फ उकरत राहिले.

"मला तो आकाशात नकोय. तो नाहीये. मला तो नाहीये म्हणून रडायचंय. आठ महिने झाले, मला रडता येत नाहीये."

"मग रडा ना," मी म्हणाले. "मी कधी अडवलं?"

"तुझ्यासमोर येत नाही. तू दारातून येतेस, माझ्या तोंडाकडे बघतेस. मी ठीक आहे ना ते बघतेस. मग मी ठीक होते. मी तुझ्याकडे बघते, की तू ताठ होतेस." त्यांनी वर बोट केलं. "तो लाल बघितलास? तोही ऑक्सिजनच. हिरवा प्रकाश त्याला सेकंदाच्या आत देता येतो. लाल द्यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या अणूला कोणी धक्का लावता कामा नये. खाली दाट हवेत शेजारचे अणू धडकत राहतात आणि त्याची ऊर्जा त्या धडकाधडकीतच जाते, प्रकाश बाहेरच पडत नाही. म्हणून लाल फक्त इतक्या वर दिसतो, जिथे कोणी जवळ नाही."

शेकोटीपाशी कोणीतरी कोणाला फोटोसाठी हाक मारत होतं.

"आपण त्या घरात फार जवळ आहोत, मीनल. नुसत्या धडकतोय. मी पुढच्या महिनाअखेरीस पुण्याला जाते."

इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य मी तेव्हा बोलले, तेही भिकाऱ्यासारखं. "आई, थांबा ना. वर्ष तरी होऊ दे. मला त्या घरात एकटीला नाही राहता येणार."

"येईल," त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "नाही आलं तर नाही येणार. पण मी थांबले तर आपण दोघी अशाच ताठ बसून म्हाताऱ्या होऊ. मी तर झालेलीच आहे."

मी लहान मुलीसारखी म्हणाले, "मग त्या बाईचा लाडू कशाला खाल्लात?"

"तिने विचारलं. कोण गेलं, असं सरळ विचारलं. इतक्या महिन्यांत तेवढं कोणी विचारलं नव्हतं."

परत येताना बसमध्ये सगळे पेंगत होते. सुलभाकाकूंनी उतरताना माझ्या गालावरून हात फिरवला, लाडवाचं काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉम्सोत आकाश चक्क स्वच्छ होतं, डोंगर दिसले, आम्ही केबल कारने वर गेलो आणि फार थोडं बोललो. मी धुसफुसत होते. आईंनी मला धुसफुसू दिलं.

लोक विचारतात, जावं का? जा. चार-पाच रात्री हाताशी ठेवा, एखाद-दुसऱ्या रात्रीच्या भरवशावर एवढं लांब जाऊ नका. सध्या सूर्य जोमात आहे, त्याचा हा जोम अकरा-एक वर्षांनी फिरून येतो, त्यामुळे शक्यता चांगली आहे. थर्मलचे दोन थर, लोकरीचे मोजे, गरम पाण्याचा थर्मास. फोटो काढायचा तर फोन कशावर तरी टेकवून काढा आणि मग ठेवून द्या. आणि तिथे काही सापडेल, कोणी भेटेल, असं मनात धरून जात असाल तर माझ्यासारखी फजिती होईल, हे आधीच सांगून ठेवते. आकाश फार सुंदर असतं आणि त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. मी ते अजून पूर्ण पचवलेलं नाही.

नोव्हेंबरअखेरीस मी आईंना चांगी विमानतळावर सोडायला गेले. त्यांनी बॅगेतून फराळ नव्हे, फक्त मिसेस टॅननी दिलेला चहाचा डबा नेला. आत जाण्याआधी त्यांनी मला मिठी मारली नाही, खांद्यावर हात ठेवला आणि वर्गातल्या मुलीला म्हणावं तसं म्हणाल्या, "जा आता." मी एमआरटी मेट्रोने परत आले. क्वीन्सटाउनला उतरून भाजी घेतली, एकटीपुरती किती घ्यायची हे न कळून जास्तच घेतली. कुलूप उघडलं. सोफ्यावर कोणी नव्हतं. कोणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच स्वयंपाकघरात फरशीवर बसले, आणि मग जे काही माझ्यातून बाहेर आलं ते रडणं होतं असं म्हणायलाही मला धीर होत नाही. मोठ्याने होतं. मिसेस टॅनना भिंतीतून ऐकू गेलं असणार. त्या आल्या नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. उजेड जाईपर्यंत मी तिथेच होते. नंतरचे दोन दिवस मी ऑफिसला गेले नाही आणि मला वाटेल तेव्हा, वाटेल तिथे हेच केलं.

याने मला बरं वाटलं असं लिहिण्याचा मोह होतोय, पण ते खोटं आहे. बरं वाटलं नाही. घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं आहे आणि निनाद पूर्वीपेक्षा जास्त नाहीये. फक्त मला ते आता दिसतं.

तिसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, त्यांनी 'मीनल' म्हटलं. माझा आवाज पार बसला होता. त्यांचाही.

"सर्दी झालीय का?" आईंनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. मग त्या तिकडे पुन्हा रडायला लागल्या आणि मी त्यांना गप्प केलं नाही.